दिव्याखालची जागा

कारागृहात शिकवायला मी माझ्या इच्छेनं गेलो नव्हतो. हे आधीच सांगायला हवं, कारण पुढं या कामाबद्दल लोकांनी माझं कौतुक केलं तेव्हा मी ते कधी खोडून काढलं नाही. त्या कौतुकातला मोठा वाटा ज्यांचा होता ते गृहस्थ तेव्हा आत होते. आज ते बाहेर आहेत, आपल्या गावी शेती करतात. त्यांचं नाव इथं लिहीत नाही. बराकीत सगळे त्यांना काका म्हणत, मीही तेच म्हणत आलो.

२००४ सालची गोष्ट. मी एका महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवत होतो. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचं अभ्यासकेंद्र आमच्याकडे होतं आणि शहरातल्या मध्यवर्ती कारागृहातले विद्यार्थी त्याच केंद्राला जोडलेले होते. तिथं राज्यशास्त्राला संमंत्रक, म्हणजे विषय शिकवणारा मार्गदर्शक, नव्हता. विभागातल्या दोघांनी नाही म्हटलं. मी सगळ्यांत धाकटा, काम माझ्या गळ्यात पडलं. महिन्यातले दोन रविवार जाणार याचाच मला राग आला होता. पत्नीनं विचारलं, "तिथं कसं शिकवायचं असतं?" मी म्हणालो, "शिकवायचं काय, हजेरीवर सह्या घ्यायच्या आणि परत यायचं."

हे विद्यापीठ १९८९ साली नाशिकला सुरू झालं. डॉ. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. ज्याची शाळा मध्येच सुटली, त्यानं पूर्वतयारीचा अभ्यासक्रम पुरा करावा आणि बी.ए.ला बसावं, अशी वाट या विद्यापीठानं करून दिली होती. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचं ब्रीदवाक्य आमच्या केंद्राच्या पाटीवर रंगवलेलं होतं. मी रोज त्या पाटीखालून जात होतो. त्या 'घरोघरी'मध्ये बराकही येते, हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

पहिल्या रविवारी मोठ्या दरवाजातल्या छोट्या दारातून वाकून आत गेलो. मोबाइल, पाकीट, किल्ल्या बाहेर ठेवल्या. मनगटावर शिक्का बसला. माझ्या पिशवीतली पुस्तकं शिपायानं पानं झटकून पाहिली. कारागृहाच्या शाळेवर नेमलेले शिक्षक मला ग्रंथालयाच्या खोलीत घेऊन गेले. त्यांना आत सगळे गुरुजी म्हणत. सतरंजीवर एकोणीस माणसं बसली होती. मी रात्री तयार केलेलं भाषण केलं. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात 'गीतारहस्य' लिहिलं, १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि ती साने गुरुजींनी उतरवून घेतली, पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी 'श्यामची आई' लिहिली. तुरुंग ही महाराष्ट्राची जुनी शाळा आहे, असं काहीसं बोलून मी थांबलो. मला वाटलं, छान झालं.

मागच्या ओळीतले एक चाळिशीचे गृहस्थ उभे राहिले. हात जोडून म्हणाले, "सर, ही मोठी माणसं शिकून आत आली होती. आमच्यातले कितीतरी जण अंगठ्यावरून सहीवर आलेत ते इथंच. उत्तर परिच्छेद पाडून लिहा असं पुस्तकात म्हटलंय. परिच्छेद म्हणजे काय, ते आधी सांगा."

मला त्यांचा राग आला होता. आठ वर्षांच्या नोकरीत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, आणि नीट उत्तरही सुचलं नव्हतं. पुढच्या रविवारी फळ्यावर परिच्छेद मांडून दाखवला: एका परिच्छेदात एकच मुद्दा, आधी म्हणणं, मग कारण, मग उदाहरण. ते शिकवताना लक्षात आलं की महाविद्यालयातल्या माझ्या मुलांनाही हे कुणी शिकवलेलं नाही. त्या वर्षापासून प्रथम वर्षाच्या पहिल्या आठवड्यात मी तेच शिकवत आलो.

हा प्रश्न विचारणारे गृहस्थ म्हणजेच काका. ते सातवीपर्यंत शिकलेले. बांधावरून भाऊबंदकीत वाद झाला, त्यात चुलतभावाचा जीव गेला, काकांना जन्मठेप झाली. एवढं मला गुरुजींनी सांगितलं. आणखी एक गोष्ट त्यांनीच सांगितली, ती मी आजही विसरलेलो नाही. संध्याकाळी मोजणी होऊन बराकी बंद होतात त्या सकाळपर्यंत. बराकीतला दिवा मात्र रात्रभर विझत नाही, पहाऱ्यावरच्या माणसाला सगळे दिसायला हवेत म्हणून. वाचता येईल एवढा उजेड दिव्याच्या अगदी खालीच पडतो, आणि काकांच्या बराकीत तो दिवा संडासाच्या भिंतीशी होता. तिथं कुणी अंथरूण टाकत नसे. नव्या माणसाला ती जागा मिळे आणि तोही महिन्याभरात दुसरीकडे सरके. काकांची जागा चांगली होती, खिडकीजवळची. पूर्वतयारीची पुस्तकं हाती आली त्या आठवड्यात त्यांनी ती एका म्हाताऱ्या बंद्याला दिली आणि आपलं कांबळं दिव्याखाली नेलं. पुढची सहा वर्षं ते तिथंच झोपले.

स्वाध्याय लिहायला कागद पुरत नसे. काकांनी बी.ए.च्या पहिल्या वर्षी संघराज्यावरचा स्वाध्याय दिला तो जुन्या टंकलिखित कागदांच्या कोऱ्या बाजूवर लिहिलेला होता. घरी तपासताना मी एक पान उलटलं. मागच्या बाजूला त्यांच्याच खटल्याच्या निकालाची प्रत होती. पंचनामा, जखमांची मोजमापं, मृताच्या पत्नीची साक्ष. मी ती सगळी पानं वाचली. वाचायला नको होती. मग पुन्हा पुढच्या बाजूला आलो आणि वीसपैकी सतरा गुण देऊन टाकले. उत्तर नऊ गुणांच्या वर नव्हतं, हे मला दिसत होतं.

पंधरा दिवसांनी तास संपल्यावर काका थांबले. कागद माझ्यापुढं ठेवून त्यांनी विचारलं, "सर, मागची बाजू वाचून गुण दिलेत का?"

मी काही बोललो नाही.

"पुढच्या बाजूला एवढं नाही. केंद्राचे अधिकार आणि राज्याचे अधिकार मी उलटसुलट लिहिलेत, नंतर पुस्तकात पाहिलं. बाहेरच्या पोराला तुम्ही इतके दिले असते का?"

मी तिथंच बसून उत्तर पुन्हा तपासलं. नऊ गुण दिले आणि चुका समासात लिहिल्या. काकांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि पुढच्या वेळी तेच उत्तर नव्यानं लिहून आणलं. दया करून दिलेले गुण म्हणजे समोरच्याला आपण विद्यार्थी मानलेलंच नाही, ही गोष्ट शिक्षक म्हणून मला त्या दिवशी कळली. ती कुठल्या प्रशिक्षणात कळली नव्हती.

त्यानंतर मी तयारी करून जाऊ लागलो. एका रविवारी मूलभूत हक्क शिकवत होतो. काकांनी विचारलं, "सर, यातलं आमच्यासाठी काय उरतं?" मी गुळमुळीत उत्तर दिलं. आत काय उरतं ते मी कधी वाचलेलंच नव्हतं. सोमवारी ग्रंथालयात जाऊन बसलो. तिथं महाराष्ट्र शासन विरुद्ध प्रभाकर पांडुरंग संझगिरी हा सर्वोच्च न्यायालयाचा १९६५ चा निकाल सापडला. संझगिरी भारत संरक्षण नियमांखाली मुंबईत स्थानबद्ध होते. आत असताना त्यांनी 'अणूच्या अंतरंगात' हे विज्ञानावरचं पुस्तक मराठीत लिहिलं. छपाईसाठी हस्तलिखित बाहेर पाठवायची परवानगी सरकारनं नाकारली. उच्च न्यायालयानं ती द्यायला सांगितली आणि सर्वोच्च न्यायालयानं तो निर्णय कायम केला. अटी-नियमांत जी बंधनं घातलेली नाहीत ती सरकारला आपल्या मनानं घालता येत नाहीत, असा त्या निकालाचा आशय. पुढं १९७८ च्या सुनील बात्रा खटल्यात न्यायालयानं आणखी स्पष्ट केलं की शिक्षा झाली म्हणून माणसाचे मूलभूत हक्क तुरुंगाच्या दारात गळून पडत नाहीत.

हे मी पुढच्या तासाला सांगितलं तेव्हा खोलीत कुणी हललं नाही. काकांनी वहीत तारखा लिहून घेतल्या. मग विचारलं, "आणि मत?" मला लोकप्रतिनिधित्व कायद्याचं ६२(५) कलम वाचून दाखवावं लागलं. जो तुरुंगात आहे त्याला मत देता येत नाही, ज्याचा खटला अजून चालूच आहे त्यालाही नाही. संझगिरींचा निकाल मी पंधरा वर्षं राज्यशास्त्र शिकत-शिकवत असूनही वाचला नव्हता. एका सातवी शिकलेल्या माणसानं विचारलं म्हणून वाचला.

आता जे सांगायचं आहे ते मी फार कमी लोकांना सांगितलं आहे.

तोपर्यंत माझं नाव होऊ लागलं होतं. एका वर्तमानपत्रात माझ्या कामावर छायाचित्रासह मजकूर आला होता. त्याच वर्षी अकरा विद्यार्थ्यांचे परीक्षेचे फॉर्म गुरुजींनी सह्या-शिक्क्यांसह तयार करून माझ्या हाती दिले. ते मला विद्यापीठाच्या कार्यालयात पोचते करायचे होते. मी ते महाविद्यालयातल्या कपाटात ठेवले आणि एका परिसंवादासाठी परगावी गेलो. परत आलो तेव्हा विलंब शुल्काची मुदतही उलटून गेली होती.

अकरा जणांचं वर्ष गेलं. बाहेरच्या मुलाचं वर्ष गेलं तर तो केंद्रावर येऊन भांडतो, घरचे येतात. हे अकरा जण कुठं जाणार होते? रविवारी मी त्यांच्यापुढं उभा राहिलो आणि म्हणालो, "विद्यापीठाकडून काही अडचण झाली आहे." खोटं बोललो. त्यांनी मान हलवली. अडचणींची त्यांना सवय होती.

तास संपल्यावर काका थांबले. नेहमीपेक्षा हळू आवाजात म्हणाले, "सर, गुरुजींच्या जावक वहीत फॉर्म तुमच्या हाती दिल्याची तारीख आहे. मी वही लिहायला मदत करतो. मी कुणाला बोललो नाही."

मी खाली पाहत होतो. ते पुढं म्हणाले, "पोलिसांपुढं मीही पहिल्यांदा दुसऱ्याचं नाव घेतलं होतं. त्यानं काही सुटत नाही, सर. तुम्हीच सांगून टाका."

पुढच्या रविवारपर्यंतचे पंधरा दिवस मला फार जड गेले. त्या रविवारी मी अकरा जणांना जे घडलं ते सांगितलं आणि माफी मागितली. एक तरुण उठून गेला. तो पुन्हा कधी वर्गात आला नाही. त्याचं शिक्षण माझ्यामुळं सुटलं, ही गोष्ट माझ्या खात्यावर कायमची आहे. उरलेले बसून राहिले. काकांनी एक नवी वही काढली. प्रवेशाची तारीख, स्वाध्यायांची तारीख, परीक्षा फॉर्मची तारीख, प्रत्येकासमोर दोन बंद्यांची नावं आणि माझ्या सहीसाठी एक रकाना. कागद माझ्या हातात आला की मी सही करायची, पोच मिळाली की ती पोच वहीला चिकटवायची. वहीचं पहिलं पान त्यांनी माझ्यापुढं धरलं आणि मी सही केली. आजही ते केंद्र त्याच पद्धतीनं चालतं. त्यानंतर तिथल्या एकाही विद्यार्थ्याचं वर्ष कागदामुळं बुडालेलं नाही.

काका २०१० साली बी.ए. झाले, द्वितीय श्रेणीत. पदवीदान समारंभाला त्यांना जाता आलं नाही. प्रमाणपत्र मी घेऊन गेलो, दारावर ते उलगडून पाहण्यात आलं आणि मगच आत गेलं. काकांनी त्यावरचं आपलं नाव वाचलं, आईचं नाव बरोबर आहे का पाहिलं आणि ते गुरुजींकडे जपून ठेवायला दिलं. मग सवयीप्रमाणे विचारलं, "यंदा पूर्वतयारीला किती जण?" तोवर बराकीत कुणाला अभिवचन रजेचा (पॅरोलचा) अर्ज लिहायचा असला किंवा विधी सेवा प्राधिकरणाकडं मोफत वकील मागायचा असला की लोक काकांकडे येऊ लागले होते. त्यांचे काही अर्ज गुरुजींनी मला दाखवले. पहिल्या परिच्छेदात अर्जदार कोण, दुसऱ्यात कुठल्या नियमाखाली अर्ज, तिसऱ्यात मागणी. तो फळा मी ओळखला.

त्याच काळात एक बावीस वर्षांचा मुलगा पूर्वतयारीला बसला होता. त्याचा खटला उभा राहिला नव्हता. काका त्याला रोज दिव्याखाली घेऊन बसत. परीक्षेच्या आधी त्याला दुसऱ्या जिल्ह्यातल्या कारागृहात हलवलं. पुस्तकं बराकीतच राहिली. नाव, नोंदणी क्रमांक, केंद्र बदलण्याचा अर्ज, सगळं करेपर्यंत परीक्षा होऊन गेली. शिक्षाबंदी निदान एका जागी राहतो. खटला चालू असलेला माणूस आज आहे, उद्या जामिनावर सुटेल, परवा तारखेला जाईल, तेरवा बदलून जाईल. आणि आपल्या तुरुंगांत तीच माणसं जास्त आहेत. २०२२ च्या अखेरीस देशात ५,७३,२२० बंदी होते, त्यांपैकी ४,३४,३०२ न्यायाधीन, म्हणजे चारांत तीन. तुरुंगातलं उच्च शिक्षण आजही मुख्यतः उरलेल्या एकासाठी चालतं. हे मला आकड्यांतून आधी कळलं नाही, काकांनी त्या मुलाची पुस्तकं परत माझ्याकडे दिली तेव्हा कळलं.

महाविद्यालयात सहकारी मला विचारत, "आपल्या गरीब मुलांना फी भरता येत नाही, आणि खुन्यांना फुकट शिकवायचं?" या प्रश्नाला मी बरीच वर्षं चिडून उत्तर देत असे. आता चिडत नाही. मृताच्या पत्नीची साक्ष मी वाचली आहे, ते दुःख कुठल्या पदवीनं भरून येत नाही, आणि काकांनीही ते येतं असं कधी म्हटलं नाही. पण न्यायालयानं त्यांचं स्वातंत्र्य काढून घ्यायची शिक्षा दिली होती, अडाणी राहण्याची नव्हे. आणि हा माणूस एक दिवस त्याच गावात, त्याच बांधाशी परत जाणार होता. तो कसा परतावा, याच्याशी गावाचाही संबंध होता.

खुनाच्या गुन्ह्यात जन्मठेप झालेल्याला कायद्यानं किमान १४ वर्षं प्रत्यक्ष आत काढावी लागतात. ती काढून काका २०१३ साली सुटले. पदवीनं त्यांना नोकरी दिली नाही. गावात सुरुवातीला त्यांच्या शेजारी कुणी बसत नसे, हे त्यांनीच मला सांगितलं, तक्रार म्हणून नव्हे. वादातली ती पट्टी त्यांनी चुलतभावाच्या मुलांच्या नावे करून दिली. एप्रिल २०१४ मध्ये त्यांचा फोन आला, "सर, आज मत देऊन आलो." एवढंच बोलून त्यांनी मुक्त विद्यापीठाच्या प्रवेशाची तारीख विचारली. दरवर्षी विचारतात. माझ्यावर भरवसा नाही म्हणून नव्हे, पण मी ती तारीख पुन्हा कधी विसरू नये असं त्यांना वाटत असावं.

मी आता निवृत्त झालो आहे. रविवारी जातो. महाराष्ट्रात परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्या शिक्षाबंद्यांना नव्वद दिवसांपर्यंत विशेष माफी मिळू शकते, त्यामुळं अलीकडे नोंदणी करायला अधिक जण पुढं येतात. काही फक्त माफीसाठी येतात. मी त्यांना नावं ठेवत नाही, मीही हजेरीवरच्या सह्यांसाठीच गेलो होतो. परिच्छेद कसा पाडायचा, गुण किती द्यायचे, निकाल कुठं शोधायचा, चूक झाली तर कुणाचं नाव घ्यायचं, हे सगळं मला तिथं मिळालं. ज्यांच्याकडून मिळालं त्यांना मी पूर्वतयारीची पुस्तकं आणि एक बुडालेलं वर्ष दिलं. हिशेब अजून माझ्याच बाजूनं थकलेला आहे.

शिक्षक मित्रांना एक विनंती आहे. आपल्या शहरात कारागृह असेल तर तिथं मुक्त विद्यापीठाचे विद्यार्थी आहेत का, त्यांना कुठल्या विषयाचा संमंत्रक हवा आहे, एवढं एकदा विचारून या. महिन्यातले दोन रविवार लागतात. तिथल्या विद्यार्थ्याचा पेपर बाहेरच्या मुलासारखाच तपासा. आणि एकदा हो म्हटलंत, तर त्यांचे फॉर्म हाती आल्याच्या दिवशीच पोचते करा.